हौसाबाई आणि स्वच्छ घसे

हौसाबाई हसल्या की आधी लवंगेचा वास यायचा. हसू नंतर दिसायचं.

हेमांगीला तो वास पहिल्या दिवसापासून आवडला. कल्याणात, मुरबाड रोडजवळच्या एका गल्लीत, पहिल्या मजल्यावर ती पॅथॉलॉजी लॅब होती. रक्त, थुंकी, घशाचा स्वॅब, सगळं बाहेरच्या खोलीत घ्यायचे आणि आतल्या खोलीत तपासायचे. सगळीकडे स्पिरिटचा वास. हेमांगी मराठी साहित्य घेऊन एम. ए. झालेली. एखाद्या कॉलेजात जागा निघेपर्यंत म्हणून ती काउंटरवर बसली. जागा काही निघाली नाही. स्पिरिटची सवय झाली.

हौसाबाई लॅबच्या मावशी. फरशी पुसायची, कचऱ्याच्या पिवळ्या पिशव्या बांधायच्या, चहा सांगायचा आणि बाकावर बसलेल्यांना धीर द्यायचा. यातलं शेवटचं काम त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. माहेर ओतूरकडचं, लग्न होऊन शहाडला आल्या. नवरा कारखान्यात होता. तो गेल्यावर त्यांनी धुण्याभांड्याची कामं केली, मग एका दवाखान्यात लागल्या, तिथून इथं. बारीक अंगकाठी, घट्ट अंबाडा, आणि कमरेला खणाची निळी चंची. चंचीत पूर्वी मिशेरी असायची. नातीनं हट्ट करून ती सोडवली. रिकामी चंची कमरेला बरी वाटेना, म्हणून त्यात लवंगा आल्या.

दुपारी दोघी मागच्या खोलीत डबा खायच्या. मैत्री तिथं झाली.

"एवढं शिकून तू काय शिकलीस गं?" हौसाबाईंनी एकदा विचारलं.

"गोष्टी वाचायला शिकले, मावशी."

"त्या तर मला पण कळतात. पुढं?"

"पुढं, त्या गोष्टींबद्दल लिहायला."

हौसाबाईंनी भाकरीचा तुकडा मोडला. "म्हंजे गोष्टीवरची गोष्ट. बरंय. बसून करायचं काम हाय."

हेमांगीला राग यायला हवा होता. तिला हसू आलं. घरी तिला कुणी असं काही विचारत नसे. सगळे फक्त अर्ज केलास का म्हणून विचारत.

पावसाळा सरता सरता घशाची साथ आली. तापाची, दुखऱ्या घशाची माणसं जिना चढू लागली. स्वॅब घ्यायचं काम सर्वेशचं. सर्वेश डोंबिवलीचा, टेक्निशियनचा कोर्स करून आलेला, केसांवर फार लक्ष असलेला मुलगा. स्वॅब म्हणजे लांब काडीला लावलेला कापसाचा बोळा. जीभ पट्टीनं दाबायची, पडजिभेच्या दोन्ही बाजूंनी आणि मागच्या भिंतीवरून बोळा फिरवायचा, काडी नळीत घालायची. काम क्षणाचं. पण बोळा मागं लागला रे लागला की माणूस ओकारी द्यायचा. कुणी सर्वेशचं मनगट धरायचं, कुणी खुर्चीतून उठून बेसिन गाठायचं. बऱ्याचदा बेसिन लांब पडायचं. मग हौसाबाई बादली घेऊन यायच्या. बाकावरचे लोक ते बघायचे आणि त्यांना बसल्या जागीच उमासे यायचे. रांग हलायची नाही.

आणि मग एकाएकी ते थांबलं.

कसं थांबलं ते कुणालाच सांगता येईना. माणसं आत जायची, आ करायची, बाहेर यायची. डोळे कोरडे. बादली कोपऱ्यात वाळत पडली. एक आजोबा तर बाहेर येऊन म्हणाले, "झालं? मला वाटलं, अजून व्हायचंय."

सर्वेशचं नाव झालं. हलक्या हाताचा मुलगा म्हणून लोक त्यालाच मागू लागले. तोही रंगात आला.

"मनगट, यार," तो हेमांगीला समजावायचा. "सगळा खेळ मनगटाचा आहे. आधी मी घाबरत घाबरत करायचो. आता पेशंटला कळायच्या आत बाहेर. मी कॉलेजला असताना कॅरम खेळायला गेलेलो ना झोनलला, त्याचा फायदा."

"कॅरमचा?"

"मग काय."

हौसाबाई फरशी पुसता पुसता ऐकायच्या. "पोराच्या हाताला गुण हाय," त्या म्हणायच्या. मनापासून म्हणायच्या. हेमांगीला नंतर हेच सगळ्यात जास्त बुचकळ्यात टाकत राहिलं.

त्याच दिवसांत सान्वी आली. टिटवाळ्याहून आईबरोबर यायची. दुसरीत होती. आईचं नाव संचिता. टिटवाळ्याला नवीन बिल्डिंगमध्ये घर घेतलेलं, नवरा ठाण्याला नोकरीला. सान्वीचा घसा धरायचा, ताप यायचा, उतरायचा, पुन्हा यायचा. आता तिचे गुडघे दुखू लागले होते. स्वॅबचा रिपोर्ट एकदा स्वच्छ आला. ताप परत आला, म्हणून डॉक्टरांनी पुन्हा पाठवलं. तोही स्वच्छ आला.

रिपोर्ट न्यायला आली तेव्हा संचिता काउंटरला धरून उभी राहिली. "काहीच नाही आलं?"

"नाही," हेमांगी म्हणाली. "नॉर्मल आहे. चांगलंच आहे ना."

"डॉक्टर म्हणतात, घशातला एक जंतू असतो, तो असेल तर हृदयाच्या झडपांवर जातो. गुडघे दुखतात म्हणून त्यांना शंका आहे. पण रिपोर्ट तर दोन्ही वेळा क्लिअर. मग ते म्हणतात, हे दुसरंच काही असेल, अजून तपासण्या करू." तिनं सान्वीकडं पाहिलं. सान्वी बाकावर हौसाबाईंना खेटून पाय हलवत होती. "तोपर्यंत तो जंतू असलाच तर? तो थोडाच थांबणार आहे?"

कागदावर नॉर्मल लिहिलं होतं. तिनं तोच कागद पुढं केला.

लॅबच्या मालकीण सरोज मॅडम. पुण्याहून लग्न होऊन कल्याणला आलेल्या, बोलणं शांत, नियम कडक. मागं एकानं नळीवर चुकीचं नाव लिहिलं, तर त्याला त्यांनी महिना संपायची वाट न बघता घरी पाठवलं होतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी सर्वेशला आत बोलावलं. दार उघडंच होतं.

टेबलावर काचेच्या झाकणाच्या छोट्या थाळ्या मांडल्या होत्या. स्वॅबचा बोळा त्या लालसर थाळ्यांवर फिरवून ऊब देऊन ठेवतात. घशात जे असेल ते थाळीवर उगवतं.

"सर्वेश, हे बघ. काय दिसतं?"

"काही नाही, मॅडम."

"तेच तर. निरोगी माणसाच्या घशातही साधे जंतू असतातच. ते उगवायला हवेत. इथं जवळजवळ काहीच उगवलेलं नाही. एकाच्या थाळीवर नसतं तर मी समजले असते. या सगळ्या बघ." त्यांनी चष्मा काढला. "इतके स्वच्छ घसे कल्याणात कुणाचे असतात?"

सर्वेश थाळ्यांकडं बघत राहिला.

"लोक म्हणतात, कळतसुद्धा नाही. मला आधी आनंद झाला होता. आता विचारते. तू बोळा घशाला लावतोस ना? की गालालाच फिरवून बाहेर काढतोस?"

सर्वेशचा चेहरा असा पडला, की हेमांगीनं मान वळवली. तो बाहेर आला. खुर्चीकडं बोट दाखवून म्हणाला, "हेमांगी, बस."

"मी?"

"बस तू. मी गालाला लावतो की घशाला, तूच सांग मॅडमना."

तिला नाही म्हणता आलं नाही. ती बसली. सर्वेशनं जीभ दाबली. बोळा मागं गेला आणि हेमांगीच्या पोटातलं सगळं एकदम वर आलं. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी. तिनं सर्वेशचं मनगट इतक्या जोरात धरलं, की त्याच्या हातून काडी खाली पडली. बेसिन लांब पडलं.

सर्वेश बघतच राहिला. "असं कसं झालं? कुणाला होत नाही असं."

"मला झालं."

"तुझाच घसा नाजूक असणार," तो म्हणाला. पण त्याचा आवाज खाली गेला होता. स्वतःच्या मनगटाकडं तो दुसऱ्या कुणाचं असावं तसं बघत होता.

हौसाबाई बादली घेऊन आल्या. कितीतरी दिवसांनी. फरशी पुसून झाल्यावर त्या हेमांगीजवळ टेकल्या, पाठीवरून हात फिरवला आणि चंची उघडली.

"येडी का काय तू? खुर्चीत बसायच्या आधी मला नाय का मागायची?" त्यांनी लवंग पुढं केली. "ही घे. जीभ मागं बधिर पडली की काय कळत नाय. चावून रस आत जाऊ द्यायचा."

हेमांगीनं लवंग घेतली. हातात धरून ठेवली.

"मावशी, तुम्ही ही कुणाकुणाला देता?"

"बाकावर बसतं त्याला. सगळ्यांना."

"सगळ्यांना?"

"मग? ओकारी कुणाला येती आणि पुसावं कुणाला लागतं? आणि ती माणसं घाबरून पार गळून जातात गं. एक लवंग दिली तर माझं काय जातं? दाढंत धरली की गपगार."

हेमांगी उठली नाही. तिला समोर एकामागून एक सगळे चेहरे दिसू लागले. अजून व्हायचंय म्हणणारे आजोबा. कोरडे डोळे. स्वच्छ थाळ्या. तिची आजी डाळ-तांदळाच्या डब्यात लवंगा टाकायची, कीड लागू नये म्हणून. जंतूंचं काय होत असेल ते सांगायला साहित्याची पदवी पुरत नव्हती. पण अंदाज यायला पुरत होती.

ती हौसाबाईंना मागच्या खोलीत घेऊन गेली. कसं सांगावं कळेना. शेवटी सरळच सांगितलं. लवंगेनं जंतू मरत असतील. त्यामुळे रिपोर्टमध्ये ते दिसत नसतील.

हौसाबाईंनी ऐकून घेतलं. "मरतात? मग चांगलंच झालं की."

"नाही, मावशी. आपल्याला ते जिवंत पाहिजेत."

"जिवंत? कशापायी?"

"म्हणजे कुठला जंतू आहे ते कळतं. मग त्याचं औषध देता येतं."

"आणि लवंगेनं मेला, तर औषध कशाला पाहिजे?"

"वरवरचा मरतो. आतला तसाच राहतो. फक्त आपल्याला दिसत नाही."

"म्हंजे बरं व्हायला आलेल्या माणसाचा आजार आपण जपून ठेवायचा. पार काडीवर येईस्तोवर."

"हो."

"आणि मी त्याला आधीच मारत होते."

"बहुतेक."

"अजब हाय बाई तुमचं," हौसाबाई म्हणाल्या. मग काहीतरी आठवून त्यांचा हात चंचीवर गेला. "त्या टिटवाळ्याच्या पोरीला पण?"

हेमांगीनं विचारलं, "तिला दिली होती?"

"दोन्ही वेळंला. बारकी म्हणून अर्धी मोडून. तिखट लागंल म्हणून बरोबर गुळाचा खडा दिला." त्यांनी चंची मुठीत धरली. "तिनंच मागितली दुसऱ्या टायमाला. आजी, ती जादूची दे म्हणली."

बाहेर कुणीतरी काउंटरवर टकटक करत होतं. हेमांगी गेली नाही. मॅडमना सांगितलं तर मावशींची नोकरी जाईल. नाही सांगितलं तर सर्वेश खोटा ठरेल. आणि सान्वीचा कागद नॉर्मलच राहील. यात विचार करण्यासारखं काही नव्हतं, तरी ती विचार करत बसली. तेवढ्यात हौसाबाई उठल्या. चंची कमरेची सोडली. तिच्याकडं न बघता मॅडमच्या खोलीत गेल्या आणि थाळ्यांच्या शेजारी ती ठेवली.

"पोराचा हात चांगला हाय," त्या म्हणाल्या. "ह्याच्यात बघा."

मॅडमनी चंची उघडली. लवंग काढून हुंगली. मागून आलेल्या हेमांगीनं उरलेलं सांगितलं. मॅडम कितीतरी वेळ ती लवंग बोटांत फिरवत राहिल्या.

"हे लवंगेमुळेच झालं, असं मी छातीठोकपणे सांगणार नाही," त्या म्हणाल्या. "पण होऊ शकतं. स्वॅबच्या आधी काही खाऊ-पिऊ नका, गुळण्या करू नका, असं आपण सांगतो. सांगतो ना, हेमांगी?"

"सांगते, मॅडम. लवंग खाणं आहे, असं कुणाला वाटलं नसेल."

"मलाही सुचलं नसतं." त्यांनी हौसाबाईंकडं पाहिलं. "मावशी, तुम्हाला काय बोलावं तेच मला कळत नाही."

"बोला की काय ते. मी उभी हाय."

मॅडमनी टेबलाचा खण ओढला. चंची त्यात ठेवली. हेमांगीला म्हणाल्या, "सगळ्यांना फोन कर. पुन्हा बोलाव. आधी टिटवाळ्याच्या मुलीला."

फोन करणं फार अवघड गेलं. लोक विचारायचे, "मागच्या वेळी इतकं छान झालं होतं, मग परत का?" छान झालं होतं म्हणूनच परत, हे हेमांगीला कुणाला पटवून देता येईना. तिचं तिलाच नीट पटत नव्हतं.

सान्वी सकाळी उपाशीपोटी आली. आल्या आल्या तिनं हौसाबाईंपुढं हात पसरला.

"आज नाय, बाय," हौसाबाई म्हणाल्या.

"का?"

"संपली."

सान्वीनं त्यांच्या कमरेकडं पाहिलं. निळी चंची नव्हती. तिनं ओठ घट्ट मिटले. आईनं समजावलं, रागावली, मग गयावया केली. तोंड उघडेना. सर्वेश काडी घेऊन उभा होता. ती पुढं करायचं त्याला धाडस होईना. हलक्या हाताचा मुलगा त्या दिवशी कुठंतरी निघून गेला होता.

"जबरदस्ती नको," मॅडम दारातून म्हणाल्या. "मागच्या भिंतीला नीट लागलं नाही, तर पुन्हा तेच होईल. आधी तिला काय करणार ते दाखवा. ताठ बसवा, डोकं मागं टेकवा. आणि तोंडानं छोटे छोटे श्वास घ्यायला सांगा, धाप लागल्यासारखे. त्यानं उबळ कमी येते."

सान्वीनं ऐकलं, पण ओठ उघडले नाहीत.

मग हौसाबाईच त्या खुर्चीत जाऊन बसल्या. सर्वेशच्या हातातली टॉर्च आणि जीभ दाबायची लाकडी पट्टी घेऊन त्यांनी सान्वीकडं दिली. "आज तू डाक्टर. माझा घसा बघ. पडजीभ जागेवर हाय का सांग."

सान्वी पुढं आली. हौसाबाईंनी आ केला. दात मोजकेच होते. सान्वीनं टॉर्च मारली, पट्टी आत घातली आणि चांगली जोरात दाबली.

हौसाबाईंना ओकारी आली. खरीखुरी. त्या वाकल्या, खोकल्या, डोळ्यांतून पाणी आलं. त्या दिवशी त्यांच्याही दाढेत लवंग नव्हती.

सान्वी आधी घाबरली. मग तिला हसू फुटलं. "आजी, तू धाप लागल्यासारखं केलंच नाहीस. खालच्या झेरॉक्सवाल्याचं कुत्रं करतं ना, तसं कर."

"दाखव कसं करतं."

सान्वीनं जीभ बाहेर काढून दाखवलं. हा हा हा हा. हौसाबाईंनीही केलं. साठीची बाई आणि दुसरीतली मुलगी, समोरासमोर, कुत्र्यासारखी धापा टाकत. बाकावरचे लोक वळून बघू लागले. सान्वीनं पुन्हा पट्टी दाबली. या वेळी ओकारी आली नाही.

"आता तू," हौसाबाई खुर्चीतून उठत म्हणाल्या.

सान्वी बसली. डोकं मागं टेकवलं. हा हा हा. सर्वेशनं एक श्वास घेतला. बोळा गेला, एका बाजूनं, दुसऱ्या बाजूनं, मागच्या भिंतीवरून. सान्वीचे डोळे पाण्यानं भरले, अंग एकदा शहारलं, पण तिनं धापा टाकणं सोडलं नाही. काडी नळीत गेली.

"दुखलं," ती म्हणाली.

"व्हय," हौसाबाई म्हणाल्या. "दुखतं ते."

थाळीवर उगवलं. मॅडमनी हेमांगीला मुद्दाम आत बोलावून दाखवलं. बारीक ठिपके, आणि प्रत्येक ठिपक्याभोवती फिकट कडं. डॉक्टरांना ज्याची शंका होती, तोच जंतू. सर्वेशनं हवेत मूठ हाणली. हेमांगीलाही आनंद झाला. मग आपल्याला कशाचा आनंद झाला, ते तिच्या लक्षात आलं.

तिनं संचिताला फोन लावला.

"सापडला?"

"हो."

"देवाची कृपा," संचिता म्हणाली. मग तिला रडू आलं. "म्हणजे, काय म्हणतेय मी. माझ्या मुलीला..." तिनं वाक्य सोडून दिलं.

डॉक्टरांनी लगेच इंजेक्शन सुरू केलं. हृदयाची तपासणी झाली. झडपांना अजून काही झालेलं नव्हतं. अजून हा शब्द संचितानं फोनवर दोनदा उच्चारला. सान्वीला पुढं बरीच वर्षं ठरावीक दिवसांनी इंजेक्शन घ्यावं लागणार होतं. पण ती खेळणार होती, शाळेत जाणार होती.

लॅबमध्येही बदल झाले. खुर्ची भिंतीला टेकवली. आता स्वॅबच्या आधी प्रत्येकाला काय होणार ते हौसाबाईच सांगतात आणि धापा कशा टाकायच्या ते करून दाखवतात. मोठी माणसं लाजतात, पण करतात. काहींना अजूनही ओकारी येते. बादली पुन्हा वापरात आहे. रांग पूर्वीइतकी अडत नाही, मधल्या दिवसांइतकी भराभर सरतही नाही. सर्वेश कॅरमचं नाव काढत नाही. मॅडमनी लवंगा काढून चंची परत दिली. हौसाबाईंनी ती कमरेला लावली, पण त्यांच्या हसण्याला बरेच दिवस वास नव्हता.

एका शनिवारी संचिता सान्वीला घेऊन आली. हातात पेढ्यांचा पुडा. तो तिनं हौसाबाईंच्या हातात दिला आणि वाकून नमस्कार केला. हौसाबाई मागं सरकल्या. त्यांनी हेमांगीकडं पाहिलं.

"हे कशाबद्दल गं?" त्यांनी हळूच विचारलं. "लवंग दिली त्याबद्दल, का नाय दिली त्याबद्दल?"

संचिताला सगळं माहीत होतं. तिला फोनवर सगळं सांगितलं होतं. तरी ती वाकली होती. पुस्तकात असं असतं तर हेमांगीनं त्यावर चार पानं लिहिली असती. इथं तिला एक ओळ सुचत नव्हती.

सान्वीला या कशात रस नव्हता. तिची नजर निळ्या चंचीवर होती.

"आज स्वॅब नाही ना माझा?" तिनं विचारलं.

"नाय."

"मग?"

हौसाबाईंनी चंचीची नाडी सैल केली. तळाशी एकच लवंग राहिली होती, जुनी, डोकं मोडलेली. त्यांनी ती बाहेर काढली आणि थांबल्या. "आता चालंल ना?" त्यांनी विचारलं. हेमांगीनं सर्वेशकडं पाहिलं. सर्वेशनं मॅडमच्या दाराकडं पाहिलं. कुणालाच खात्रीनं सांगता येईना.

सान्वीनं हात पुढं केलेलाच होता.